बाबांचं फ्रेंच

बेल-सूर्स
१४ ऑक्टोबर १९९६

प्रिय लुकनेर,

तुला, जोस्लिनला आणि तुमच्या चिमुकलीला ताईचे खूप खूप आशीर्वाद. देवाच्या दयेने आम्ही सगळे इकडे सुखरूप आहोत. हे वाक्य सवयीने लिहिलं गेलं, खोडत नाही, पण त्यावर जाऊ नकोस.

तिकडे परदेशात पत्र आपल्या घरच्या बोलीत, क्रेओलमध्ये बघून दचकला असशील. म्हणशील, ताईचं डोकं फिरलं. घराण्यात आजवर कोणी असं पत्र लिहिलेलं नाही, मलाही माहीत आहे. शाळेत मी क्रेओल बोलले म्हणून सिस्टर लोकांनी शिक्षेचा लाकडाचा तुकडा माझ्या गळ्यात इतक्या वेळा अडकवलाय, की पत्र म्हटलं की हात आपोआप फ्रेंचकडेच वळतो. कालपासून तसेच दोन-तीन कागद फाडले. ‘आम्ही कुशल आहोत, आपणही असाल अशी आशा आहे’ याच्या पुढे गाडी जात नाही. त्या भाषेत मला फक्त चांगलंच लिहिता येतं. म्हणून हे असं.

इकडची हालहवाल सांगायची तर मागच्या वादळात स्वयंपाकघराचा पत्रा उडाला, तो परत मिळाला. नीरफणसाला फळ भरपूर आहे. आपला बोकड सिदोनी मावशीच्या मक्यात शिरला आणि तिने अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं मला सुनावलं, “बोकडाला तुझ्या बापाकडून फ्रेंच शिकव गं, म्हणजे निदान परवानगी मागून तरी खाईल.” एरवी मी हसले असते. मावशीलाही बोलल्यावर वाईट वाटलं. थोड्या वेळाने कुंपणावरून कॉफीचा पेला पुढे केला.

बाबा सध्या शहरात असतात. मी रोज त्यांना डबा नेते. मक्याच्या कण्या, वाल, कधी वाळवलेली मासळी मिळाली तर तीही. उतारावरून जायला सोपं आहे, येताना दम लागतो.

शहरात म्हणजे तुरुंगात, लुकनेर. लिहिलं एकदाचं.

बस आधी, आणि मग पुढे वाच. सप्टेंबरात दॉर्सेंविल शेटचं कॉफीचं गुदाम जळालं. राखणदार ओक्सिलूस आत झोपलेला होता, तो गेला. तुला आठवत असेल, लहानपणी आपल्याला लाकडाचे भोवरे करून द्यायचा तो. त्याच संध्याकाळी बाबा गुदामापलीकडे शिंप्याच्या मुलासाठी लग्नाच्या मागणीचं फ्रेंच पत्र मुलीच्या घरी वाचायला गेले होते. तोच काळा सूट, तोच टाय, गुलाबी कागदाला बांधलेली रेशमी फीत. पत्र छान झालं, मुलीची आई रडली, रम झाली, आणि बाबा कंदील घेऊन गुदामावरून घरी आले. कोणीतरी तो कंदील पाहिला. एवढीच काय ती गोष्ट.

त्यांना बोलावणं आलं तेव्हा मला काळजी वाटली नाही, हे तुला खरं वाटेल का? सगळ्यांना बोलावत होते. चौकशीचा न्यायाधीश प्रश्न क्रेओलमध्ये विचारतो, कारकून उत्तरं फ्रेंचमध्ये लिहून घेतो, माणूस खाली अंगठा उठवतो आणि घरी येतो. पण आपले बाबा तो सूट घालून गेले. दारातच वाकून त्यांनी आपलं ते नेहमीचं सुरू केलं, ‘महोदय, आपणासमोर उपस्थित होण्याचा बहुमान…’ न्यायाधीश राजधानीतून नवीनच आलेला तरुण पोरगा. त्याचा चेहरा एकदम खुलला. या डोंगरात कोणीतरी बोलण्यासारखं भेटलं असं त्याला वाटलं असणार. आणि त्याने क्रेओल सोडून फ्रेंच सुरू केलं.

खिडकी उघडी होती, मी बाहेर उभी होते. त्याने विचारलं, त्या संध्याकाळी तुम्ही गुदामाजवळ होता? बाबा म्हणाले, “वी, मस्ये.” हातात कंदील होता? “वी, मस्ये.” आग तुम्ही लावलीत? बाबांनी मान तुकवली, हसले आणि म्हणाले, “वी, मस्ये. पार्फेतमां.” हो साहेब, अगदी बरोबर.

न्यायाधीशाने पेन खाली ठेवलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. बाबांना वाटलं, आपलं उत्तर साहेबांना आवडलं. त्यांनी ते आणखी रुबाबात दिलं. मी ओरडले, “बाबा, नाही म्हणा!” शिपायाने मला दंडाला धरून रस्त्यावर ढकललं. बाबांनी खिडकीतून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांची अब्रू घालवली. मग कारकुनाने लिहिलेल्यावर त्यांनी सही केली. त्यांची ती वळणदार सही तुला माहीतच आहे.

दुसऱ्या दिवशी गजाआडून मी त्यांना हळूच सांगितलं की तुम्ही कशाकशाला हो म्हणालात. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, “मी बरोबर उत्तरं दिली. त्या मुलालाच कळलं नसेल. राजधानीचं फ्रेंच हल्ली फार बिघडलंय.” आणि मग, माझा हात गजांतून घट्ट धरून, “आईच्या कबरीची शपथ घे, इमाक्युला. कोणाला एक अक्षर बोलायचं नाही.” मी घेतली. तोवर त्यांनी माझा हात सोडला नाही रे.

तू तिथे असतास तर तूही घेतली असतीस. बाबांकडे दुसरं काय आहे? जमीन म्हणावी तर कपाळाएवढी. जुन्या पाद्रीबाबांनी शिकवलेली ती दोन-चार पत्रं त्यांना तोंडपाठ आहेत, आणि त्यांवर सगळं खोरं त्यांना मास्तर म्हणतं. निम्म्या खोऱ्याची लग्नं त्यांच्या तोंडून ठरली. कोणाला शब्द कळत नाहीत, तरी ऐकून रडतात. शब्द त्यांनाही कळत नाहीत, हे फक्त तुला आणि मला माहीत आहे.

शहरच्या शाळेतून सुटीवर आला होतास तू. पाहुणे जेवायला बसलेले आणि तू फ्रेंचमध्ये विचारलंस, “बाबा, पाद्रीबाबांची कोंबडी तुम्हीच चोरलीत ना?” बाबा म्हणाले, “पार्फेतमां, बेटा.” तू हसलास. पाहुण्यांना कशाला हसलास ते कळलं नाही, पण बाबांना कळलं. त्यानंतर त्यांनी तुझ्याशी बोलणं टाकलं. मी तुला दोष देत नाहीये. पोरवय होतं, गंमत होती. आता तीच गंमत न्यायाधीशाने केली आहे.

खटला नोव्हेंबरच्या शेवटी आहे. सरकारने दिलेला वकील प्लासिद तरुण आहे, मनाने चांगला आहे. त्याला वाटतं बाबांनी खरंच कबुली दिली. तुझं नाव बाबा काढत नाहीत, पण तू काही सांगितलंस तर ऐकतील असं मला वाटतं, कारण तुझ्यासमोर लपवण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलेलं नाही. त्यांना लिही, लुकनेर. मला फार भीती वाटते. भिंतीपलीकडच्या कोठडीतून गेल्या आठवड्यात एकाला चादरीत गुंडाळून बाहेर नेलं.

तुझी ताई
इमाक्युला


बेल-सूर्स
९ नोव्हेंबर १९९६

लुकनेर,

तुझं पत्र मिळालं. पाकीट माझ्या नावे होतं म्हणून आधी मीच वाचलं. ‘बाबा, लाज सोडा. मला फ्रेंच येत नाही असं न्यायाधीशांना उभं राहून सांगा. मी तेव्हा हसलो, मला क्षमा करा.’ वाचून रडले मी. किती सुंदर लिहिलंस.

आणि फ्रेंचमध्ये लिहिलंस.

अरे शहाण्या! मी स्वतः क्रेओलमध्ये लिहून दाखवलं, तरी तुझा हात तिकडेच गेला? तुला बोलून तरी काय उपयोग. बापाला मान देऊन लिहायचं म्हणजे आपल्याकडे त्याच भाषेत, हे तुझ्या-माझ्या हाडातच बसलंय.

मी ते तसंच नेलं. म्हटलं, बाजूला घेऊन हळूच सांगेन. पण बाबांनी पाकिटावरचा परदेशी शिक्का पाहिला आणि गजांतून झडप घालून घेतलं. चष्मा लावला. घसा साफ केला. कोठडीतले सगळे गप्प झाले, कोणीतरी बादली उलटी करून त्यांना बसायला दिली. बाबांनी तुझं पत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं, लग्नघरात वाचतात तसं, कुठेही न अडखळता. मग इतरांना अर्थ सांगितला. “माझा मुलगा म्हणतो, मान ताठ ठेवा बाबा. कोर्टात असं फ्रेंच बोला की न्यायाधीशही ऐकत राहिले पाहिजेत.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या वेळी बाबांचं बोट ‘क्षमा’ या शब्दावर होतं.

मी पुटपुटले, “बाबा, त्यात काय लिहिलंय सांगू का?” ते म्हणाले, “वाचलं ना मी आत्ता? पुन्हा कशाला?” पत्र घडी घालून वरच्या खिशात ठेवलं. तुझी पत्रं ओसरीवर ते अशीच वाचून दाखवायचे हे तुला मी कधी कळवलं नव्हतं. तू घरभाडं आणि बर्फ लिहायचास, ते सांगायचे, लुकनेर सगळ्यांची आठवण काढतो, येत्या नाताळला येतो म्हणतो. सिदोनी मावशी दर नाताळला तुझ्यासाठी भोपळ्याचं सूप जास्त करते ते त्यामुळे.

आता जे लिहिते ते जोस्लिनला वाचून दाखवू नकोस. तुरुंगाच्या दारात हल्ली एक माणूस उभा असतो. दॉर्सेंविल शेटचा मुकादम, एर्झीलूस. मला फार अदबीने टोपी काढून विचारतो, “मास्तर काय म्हणतायत? प्रकृती बरी? जबाब बदलायचं वगैरे मनात नाही ना त्यांच्या?” गुदाम कोणी जाळलं हे गावात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणालाच माहीत नाही. मी म्हणते, देवाची कृपा, दादा, आणि चालू लागते. घरी येईपर्यंत मागे वळून बघत नाही.

शपथ मोडली मी. आई मला समजून घेईल. वकील प्लासिदकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. तो आधी हसला, मग बसून राहिला. म्हणाला, “ताई, मी हे कोर्टात सांगितलं तर सरकारी वकील काय करेल ठाऊक आहे? या खोऱ्यातल्या पन्नास जोडप्यांना उभं करेल. सगळे बायबलवर हात ठेवून सांगतील की मास्तरांसारखं फ्रेंच कोणाला येत नाही. आणि ते खोटंही बोलत नसतील.” मग म्हणाला, कायद्याने आता दोन्ही राजभाषा आहेत, फ्रेंचही आणि क्रेओलही, संविधानातच लिहिलंय, तेव्हा आपण कामकाज क्रेओलमध्ये मागू. पण मास्तरांनी हो म्हणायला हवं.

मी बाबांना तसं सांगितलं. म्हणाले, “सरकारी झाली म्हणे आपली भाषा. मग सरकार ती बोलताना का दिसत नाही?” खोकला वाढलाय त्यांचा. सूट स्वच्छ करून आण म्हणाले, कोर्टात घालायचाय.

ताई


बेल-सूर्स
२ डिसेंबर १९९६

माझ्या भावा,

काल-परवा लिहायला हवं होतं, हात चालत नव्हता. बाबा जिवंत आहेत, हे आधी वाच.

कोर्ट खचाखच भरलं होतं. मास्तरांचा खटला म्हणून माणसं डोंगरावरून पायी आली होती. बऱ्याच जोडप्यांनी लग्नातले कपडे घातले होते, त्यांना वाटलं मास्तरांना बरं वाटेल. सिदोनी मावशी माझ्या शेजारी बसून माझं कोपर धरून होती. समोरच्या बाकावर एर्झीलूस होता, टोपी मांडीवर.

आपला वकील उठला आणि त्याने संविधानाचं ते सगळं सांगितलं, दोन राजभाषा, आरोपीचा हक्क. मोठे न्यायाधीश म्हणाले, आरोपीला उत्तम फ्रेंच येतं असं कागदावर आहे, पण त्यांनाच विचारू. आणि त्यांनी बाबांना आपल्या साध्या क्रेओलमध्ये विचारलं, “मास्तर, कोणत्या भाषेत बोलायचं?”

लुकनेर, किती सोपं होतं. एक शब्द. मी डोळे मिटून मनात म्हणत होते, म्हणा बाबा, म्हणा.

“फ्रेंच,” बाबा म्हणाले. लोकांनी अभिमानाने माना हलवल्या. मावशी कुजबुजली, “असा बाप हवा.”

मग सगळं त्या भाषेत सुरू झालं. लोक नुसते चेहऱ्यांकडे बघत होते, जुन्या काळी लॅटिन प्रार्थनेला बसायचे तसे. कबुलीजबाब वाचला. त्यात होतं, आग मी लावली, आत माणूस आहे हे मला ठाऊक होतं, अगदी बरोबर. आमच्या बाकांवर ते समजणारे किती असतील? मी होते. आणि ओक्सिलूसची बायको माझ्यापासून हातभर अंतरावर, काही न कळता, रुमालाने डोळे पुसत होती.

शेवटी न्यायाधीशांनी फ्रेंचमध्ये विचारलं, यावर आपल्याला काय म्हणायचं आहे?

बाबा उठले. सूट त्यांना खूप सैल झालाय. चष्मा लावला. त्या लग्नाच्या कपड्यांतल्या जोडप्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खिशावर हात ठेवला, जिथे तुझं पत्र होतं. घसा साफ केला. आणि त्यांनी सुरू केलं. ‘आदरणीय महोदय, आदरणीय महोदया, अत्यंत भारावलेल्या अंतःकरणाने मी आपल्या सुशील कन्येचा हात मागण्यासाठी…’

वकील प्लासिदने डोकं वर केलं. न्यायाधीश आधी रागावले, हातोडा उचलला, पण तो हातातच राहिला. बाबा थांबले नाहीत. आवाज तोच, लग्नघरातला, ज्याने लोक रडतात तो. लोकांना त्यातलं एक अक्षर कळत नाही, पण तो सूर त्यांच्या ओळखीचा होता ना. मागून एक बाई म्हणाली, “अगं बाई, हे तर माझ्या लग्नातलं!” दुसरी म्हणाली, “माझ्याही.” कोणीतरी हसलं. मग सगळं कोर्ट हसायला लागलं. शिपाईसुद्धा. कानशिलापासून मानेपर्यंत घामाने निथळत होते बाबा, तरी ते कन्येच्या सद्गुणांपासून भावी सुखापर्यंत सगळं म्हणत गेले. शेवटी मुलीच्या बापाला करतात तसा वाकून नमस्कार न्यायाधीशांना केला.

मग चष्मा काढला आणि आपल्या भाषेत म्हणाले, “साहेब, माझ्याकडे एवढंच फ्रेंच आहे. आता संपलं.”

हसू थांबलं. बाहेर रस्त्यावर उसाच्या कांड्या विकणारीची हाक ऐकू आली. मावशीने माझं कोपर सोडलं आणि स्वतःचं तोंड झाकून रडायला लागली. मला त्या क्षणी त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं.

तिथेच थांबायला हवं होतं रे. मी देवाला म्हणत होते, आता बसू दे त्यांना. पण न्यायाधीशांनी फार मायेने, क्रेओलमध्ये, विचारलं, “मग मास्तर, त्या संध्याकाळी काय झालं ते आपल्या भाषेत सांगा.” आणि बाबांनी सांगितलं. आग मी लावली नाही. मी कंदील घेऊन येत होतो. गुदामाच्या मागच्या दारातून रॉकेलचा डबा घेऊन एर्झीलूस बाहेर आला. मी त्याला शुभ संध्याकाळ म्हणालो. त्यानेही म्हटलं.

फ्रेंचमध्ये बोलले असते तर कोर्टात चार माणसांना कळलं असतं. हे सगळ्यांना कळलं. ओक्सिलूसच्या बायकोला कळलं, ती उभी राहिली. एर्झीलूसने टोपी घातली आणि सावकाश बाहेर गेला. कोणी अडवलं नाही.

जुना कबुलीजबाब रद्द झाला. चौकशी नव्याने होणार, क्रेओलमध्ये. तोवर बाबा आतच. वकील म्हणतो, ताई, जिंकलो आपण. तो शहरचा आहे.

मला आता भेटू देत नाहीत. कारण सांगत नाहीत. दारात डबा ठेवायचा, संध्याकाळी रिकामा डबा घेऊन जायचा. बाहेर एर्झीलूस उभा असतो, आता काही विचारत नाही, नुसती टोपी काढतो. इथल्या बायका मला म्हणाल्या, डबा रिकामा येतोय ना, मग घाबरू नकोस, माणूस आहे. ज्या दिवशी भरलेला परत देतील त्या दिवशी रड. म्हणून मी रोज आधी डबा हलवून बघते.

त्यांना कोर्टातून नेत होते तेव्हा क्षणभर मी जवळ पोचले होते. मला वाटलं, काही सूचना देतील. म्हणाले, “लुकनेरला सांग, मला अक्षरं वाचता येतात. त्याने आपल्या भाषेत लिहिलं तर मला कळेल सुद्धा. मागच्या पत्रात काय होतं ते पुन्हा लिही म्हणावं.”

तेव्हा आजच लिही, लुकनेर. छोट्या कागदावर, मोठ्या अक्षरांत, आपल्या भाषेत. क्षमा हा शब्द आपल्या भाषेतला घाल. मी तो कागद कसाव्याच्या कंदाच्या भाकरीत गुंडाळून डब्यातून आत पाठवेन. टपालाने नको, फार वेळ लागतो. इकडे येणाऱ्या कोणाच्या तरी हाती दे.

आजचा डबा रिकामा आला.

तुझी
ताई